कोरा चहा, चिनी रीतीचा

चीनमध्ये ज्याला लाल चहा म्हणतात, त्याच जातीचा चहा सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या पेठेतल्या हॉटेलांत आणि तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर दिवसभर दूध-साखर घालून उकळत असतो. युरोपीय व्यापाऱ्यांनी वाळलेल्या पानाकडे पाहून त्याला काळा म्हटले, चिनी माणसाने कपात उतरलेल्या अर्काकडे पाहून लाल म्हटले. वस्तू एकच आहे. तरीही फूज्येन प्रांतातला अस्सल लाल चहा माढ्यात कोणी करून दिला, तर पिणाऱ्याला तो चहा वाटणारच नाही, इतके अंतर या दोन पेयांत पडले आहे. हे अंतर झाडामुळे फारसे पडलेले नाही. पान तोडल्यावर त्याचे काय केले जाते आणि पुढे त्यातून किती व काय काढून घेतले जाते, यावर ते ठरते.

हिरवा, लाल आणि या दोहोंमधला ऊलाँग हे तिन्ही चहा 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. हिरव्या चहासाठी पान तोडताच तापवतात, त्यामुळे त्यातली विकरे, म्हणजे रासायनिक बदल घडवणारी प्रथिने, निकामी होतात आणि हिरवेपणा टिकतो. लाल चहासाठी याच्या उलट केले जाते: पान काही तास पसरून मऊ पडू देतात, मग ते वळतात, म्हणजे दाब देऊन पिळतात, जेणेकरून पेशी फुटून रस बाहेर येतो व हवेशी त्याचा संयोग होतो. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, तीच ही क्रिया. मळ्यांत तिला आंबवणे म्हणण्याची रूढी असली, तरी जिवाणू वा यीस्ट यांचा तिच्याशी संबंध नसतो. ते निव्वळ ऑक्सिडीकरण असते. त्यात पानातली कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये थिएफ्लेविन आणि थिएरुबिजिन या रंगद्रव्यांत बदलतात. पहिले अर्काला सोनेरी झाक आणि तरतरी देते, दुसरे तांबूस गडदपणा. क्रिया हवी तितकी झाली की पान भट्टीत वाळवून ती थांबवतात, आणि कुठे थांबवायचे हे ओळखण्यात कारागिराचे सारे कसब असते.

या चहाचे मूळ गाव म्हणून फूज्येनमधल्या वूयी पर्वतातल्या टोंगमू या खेड्याचे नाव घेतले जाते. सतराव्या शतकाच्या धामधुमीत गावात सैन्याचा मुक्काम पडला, तोडलेली पाने तशीच राहून काळवंडली आणि नुकसान टाळण्यासाठी ती पाइनच्या लाकडाच्या आगीवर घाईने वाळवली गेली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिकेला पुरावा नाही, पण पाइनचा धूर मात्र खरा आहे. तेथल्या जुन्या पद्धतीच्या लाकडी बहुमजली इमारतीत तळाशी पाइनची आग पेटवतात, वरच्या मजल्यांवर बांबूच्या चटयांवर पाने पसरतात, आणि फटींतून चढणारी ऊब व धूर पानांत मुरत जातो. 'झेंगशान श्याओझोंग' या नावाचा हा चहा जगाच्या बाजारात 'लॅपसांग सूचाँग' म्हणून ओळखला जातो. याच गावात २००५ साली केवळ कोवळ्या कळ्यांपासून, धुराविना, 'जिन जुन मेई' हा अतिमहाग चहा तयार झाला. त्याची कीर्ती मोठी असली, तरी लाल चहाचा स्वभाव कळायला धुराचा जुना चहाच अधिक उपयोगी आहे. आन्हुई प्रांतातला कीमुन हा लाल चहा १८७५ च्या सुमारास, हिरव्या चहाच्या मुलखात, निर्यातीवर डोळा ठेवून सुरू झाला. युन्नान प्रांताचा 'द्यानहोंग' त्याहून अलीकडचा. चीन-जपान युद्धात पूर्वेकडचे चहाचे प्रदेश संकटात आले, तेव्हा १९३८-३९ मध्ये फेंग शाओछ्यू यांनी फेंगचिंग येथे त्याची घडी बसवली. त्याचे मोठे पान आसामच्या पानाचे सख्खे भावंड आहे, त्यामुळे मराठी जिभेला तो इतरांपेक्षा लवकर ओळखीचा वाटावा.

माढ्यात चहा पिकणे शक्यच नाही. या झाडाला आम्लधर्मी जमीन आणि भरपूर पाऊस लागतो, आणि इथे काळी, चुनखडीयुक्त माती व वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. इथे चहा आला तो बाहेरून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली, १८९७ मध्ये तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पण लोहमार्ग आला म्हणून लगेच घरोघर चहा शिजू लागला नाही. आसामचा चहा १८३९ पासून लंडनच्या लिलावात जात होता आणि मळेवाल्यांची नजर तिकडेच होती. १९०३ च्या चहा उपकराच्या कायद्याने प्रचाराला पैसा मिळाला, आणि १९३० च्या दशकातल्या मंदीत परदेशी मागणी घसरल्यावर देशातल्या रेल्वे स्थानकांवर व गावांत पाट्या लावून, प्रात्यक्षिके करून चहा पाजण्याची मोहीम जोरात चालली. त्याच सुमारास, १९३० मध्ये, आसामात विल्यम मॅकरचर यांनी पान चिरडणारे, फाडणारे व त्याच्या गोळ्या करणारे सीटीसी यंत्र तयार केले. या दाणेदार चहाला आणि भुकटीला क्षणात रंग सुटतो, थोड्याशा भुकटीत अनेक कप होतात आणि दूध-साखरेपुढे त्याची चव दबत नाही. गरिबाच्या खिशाला परवडणारा चहा या यंत्राने दिला, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

चिनी लाल चहाचे पान मात्र अख्खे असते आणि त्याला उकळणे सोसत नाही. माढ्याच्या घरांत तापात किंवा दूध नसताना जो कोरा चहा होतो, त्याच्या जवळ हा जातो, फक्त पातेले चुलीवर ठेवायचे नाही. पाणी उकळून उतरवावे, क्षणभर थांबावे, कपभर पाण्याला दोन-तीन ग्रॅम पान घालून झाकावे आणि तीन मिनिटांत गाळून घ्यावे. चिनी रीतीत लहान भांड्यात जास्त पान घेऊन दहा-वीस सेकंदांतच अर्क काढतात, आणि तेच पान पुन्हा पुन्हा वापरतात. दर खेपेला चव पालटत जाते. साखर घातली तर हा पालट जिभेला कळत नाही, म्हणून पहिला कप तरी बिनसाखरेचा प्यावा.

खरी अडचण पाण्याची आहे. तालुक्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, आणि अशा पाण्यात केलेला कोरा चहा पाहता पाहता गढूळ होतो, त्यावर तेलकट दिसणारा तपकिरी तवंग धरतो आणि कपाच्या कडेला त्याचे कडे चिकटून बसते. दुधाच्या चहात सायीखाली हे झाकून जाते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो आणि देवग्रेशियस जगान्यी यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की हा तवंग तेलाचा नसून पाण्यातले कॅल्शियम व बायकार्बोनेट आणि चहातली द्रव्ये यांचा पृष्ठभागावर हवेशी संयोग होऊन तो बनतो. लिंबाचे दोन थेंब पडले की आम्लामुळे तवंग धरत नाही, पण अर्काचा लाल रंगही फिका पिवळसर पडतो आणि टोंगमूच्या चहातला पाइनचा धूर लिंबाच्या वासाखाली हरवतो. त्यापेक्षा पाणीच बदलावे: फिल्टरच्या जारचे पाणी घ्यावे, आणि ते अगदीच बेचव लागले, तर त्यात चौथा हिस्सा बोअरचे मिसळावे.