मुरगाव बंदरातली रात्र आणि पडद्यावरची गोष्ट

बालमित्रांनो, हेरांच्या गोष्टी कोणाला आवडत नाहीत? आमच्या वर्गात शेवटच्या तासाला 'सर, गोष्ट सांगा' असा गलका झाला की पहिली पसंती भुताला आणि दुसरी हेराला! एकदा मी मुलांना एका इंग्रजी सिनेमाची गोष्ट सांगितली. सिनेमाचं नाव 'द सी वुल्व्हज', म्हणजे समुद्रातले लांडगे. साल १९८०. गोष्ट सातासमुद्रापलीकडची नव्हे बरं का, आपल्या गोव्यातली. आणि मुळात खरीखुरी घडलेली!

आधी खरं काय घडलं ते ऐका. १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं. गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचं राज्य होतं आणि पोर्तुगाल या युद्धात कोणाच्याच बाजूने नव्हता. म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचं एक अशी चार मालवाहू जहाजं गोव्याच्या मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबली होती. त्यातल्या एकाचं नाव एरेनफेल्स. इंग्रजांचं म्हणणं असं, की या जहाजावर बिनतारी यंत्र लपवलेलं आहे आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना इंग्रजांच्या जहाजांची खबर मिळते. खबर मिळाली की पाणबुडी जहाज बुडवणार!

पण जो देश युद्धात नाही, त्याच्या बंदरात सैन्य घुसवणार कसं? लुईस प्यू नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने यावर तोड काढली. कलकत्त्यात 'कलकत्ता लाइट हॉर्स' नावाचं हौशी घोडदळ होतं. त्यात व्यापारी आणि कंपन्यांमधले साहेब. बरेचसे वयाने उतरणीला लागलेले. त्यांतले काहीजण त्याने निवडले. गाळ वाहून नेणारी 'फीबी' नावाची एक जुनी बोट कलकत्त्याहून निघाली आणि भारताला वळसा घालून गोव्यापाशी आली. ९ मार्च १९४३च्या रात्री ही मंडळी एरेनफेल्सवर चढली. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जहाज शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जर्मन खलाशांनी स्वतःच ते बुडवलं. ते पाहून बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्या खलाशांनीही तेच केलं.

ही गोष्ट कित्येक वर्षं गुपित राहिली. १९७८ साली जेम्स लीझर या लेखकाने 'बोर्डिंग पार्टी' हे पुस्तक लिहिलं आणि त्यावरून हा सिनेमा निघाला.

सिनेमा पाहताना मजा येते, हे कबूल. त्याचं चित्रीकरण गोव्यातही झालं, त्यामुळे आपला समुद्र, आपली माडांची झाडं दिसतात. पोट सुटलेले साहेब कवायत करताना धापा टाकतात तेव्हा हसू येतं. पण मुलांनो, पेपर तपासायला बसलं की मास्तरला चुकाही दिसतातच!

पहिली उणीव वयाची. खरा प्यू तेव्हा पस्तिशीतला होता. सिनेमात त्याचं काम करणारे हॉलिवूडचे प्रसिद्ध नट ग्रेगरी पेक साठी ओलांडलेले.

दुसरी उणीव पदरच्या मसाल्याची. त्या काळी जेम्स बाँडचं काम करणारे रॉजर मूर यात आहेत. मग काय, झकपक सूट आला, जुगाराचा अड्डा आला आणि एक सुंदर जर्मन हेर बाईही आली. ही बाई सिनेमावाल्यांनीच जन्माला घातलेली! मात्र सुरुवातीला 'सत्यकथा' म्हटलं की पाहणाऱ्याला तीसुद्धा खरीच वाटते.

तिसरी उणीव जरा नीट समजून घ्या. या एका रात्रीमुळे हिंदी महासागरातली जहाजं वाचली, असं सिनेमा सुचवतो. पण डिझेल संपलं, टॉर्पेडो संपले की पाणबुड्या परत जातातच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानेच मोडली असं होत नाही. त्यासाठी पुरावा लागतो.

एवढं सांगून मी थांबलो. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. ती एरवी फारशी बोलत नाही. म्हणाली, "सर, तवा गोव्यातले लोकं कुठी होते जी? आन् आपले?"

खरं सांगतो, मी गप्प झालो. एवढी मोठी उणीव माझ्या ध्यानातच आली नव्हती! गोव्यात घडणाऱ्या या गोष्टीत गोव्याची माणसं फक्त मागे उभी दिसतात. ती स्वतःही परक्यांच्या राज्यात होती आणि त्यांना स्वातंत्र्य मिळायला १९६१ साल उजाडावं लागलं. जिथून ते साहेब निघाले, त्या बंगालात त्याच १९४३ साली भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं भुकेने नि रोगराईने मेली.

आणि आपले? तेव्हा गडचिरोली चांदा जिल्ह्यातच होती. याच जिल्ह्यातल्या चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या चळवळीत लोक रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसं मेली. संतापलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मग इंग्रजांच्या फौजेने गावावर फार अत्याचार केले. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. ते जानेवारी १९४३ मध्ये सुटलं आणि दोनच महिन्यांनी ती मुरगावची रात्र उगवली! एकाच राज्यकर्त्यांची ही दोन रूपं. सिनेमात दिसतं एकच.

म्हणून काय सिनेमा पाहायचाच नाही? छे! जरूर पाहा. फक्त नंतर तीन प्रश्न विचारा. यात खरं किती? पदरचं किती? आणि यात कोण दिसलंच नाही?

पालकांनाही विनंती. सिनेमा संपला की लगेच दिवा मालवू नका. पाच मिनिटं मुलांशी बोला. आणि तुमच्या घरात किंवा गावात चिमूरची आठवण सांगणारं कुणी असेल, तर मुलांना त्यांच्यापाशी बसवा. त्या गोष्टीतही धाडस आहे, फक्त तिचा सिनेमा कलकत्त्याच्या साहेबांनी केलेला नाही.