गाडीचं ट्यूनिंग झालं, पॉवरही वाढली. मग सिग्नलला ती बंद का पडते?

गाडीच्या शौकिनांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास दिसतो. डायनोच्या स्क्रीनवर वर चढत जाणारी रेघ, शेजारी हॉर्सपॉवरचा आकडा आणि खाली अभिनंदनाचा पाऊस. दोन आठवड्यांनी त्याच ग्रुपवर त्याच माणसाचा मेसेज येतो: सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही. एसी लावला की आरपीएमचा काटा नाचतो. पेट्रोल पंपावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू करताना रडवते.

मग मेकॅनिकला शिव्या पडतात, इंजेक्टर साफ होतात, प्लग बदलले जातात. बऱ्याचदा पार्ट चांगलेच असतात. गडबड असते ती इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये. आणि तीही मोठ्या सेटिंगमध्ये नाही, तर 'नंतर बघू' म्हणून सोडून दिलेल्या छोट्या सेटिंग्जमध्ये.

या छोट्या सेटिंग्ज म्हणजे नेमकं काय, आणि त्या नीट लावायला इतका वेळ का लागतो?

आधी ईसीयू काय करतो ते बघू

पेट्रोल इंजिनला दोन गोष्टी वेळेवर हव्या असतात. आत आलेल्या हवेच्या हिशोबात पेट्रोल आणि योग्य क्षणी ठिणगी. साध्या पेट्रोलचा हिशोब साधारण असा की, १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल. पेट्रोल यापेक्षा कमी पडलं तर मिक्श्चर 'लीन', जास्त झालं तर 'रिच'.

पूर्वी हे काम कार्ब्युरेटर करायचा. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' अशी अक्षरं दिसायला लागली, तेव्हापासून ते काम इंजेक्टर आणि ईसीयूकडे गेलं.

कंपनीचा ईसीयू बदलून बाजारातला दुसरा बसवणं ही रेसिंगवाल्यांची जुनी पद्धत. हाल्टेक आणि मोटेक ही ऑस्ट्रेलियातली, तर लिंक हे न्यूझीलंडमधलं नाव. पण सामान्य हौशी माणसासाठी हे दार उघडलं ते २००१ च्या सुमारास अमेरिकेत. ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी 'मेगास्क्वर्ट' नावाचा, घरी सोल्डरिंग करून बनवता येईल असा ईसीयू आणला. पुढे आर्डुइनो बोर्डवर चालणारा 'स्पीड्युइनो' आला. आता लॅपटॉप जोडला की इंजिनचं प्रत्येक सेटिंग तुमच्यासमोर उघडं.

रीमॅप आणि नवा ईसीयू यात मोठा फरक आहे

रीमॅपमध्ये कंपनीचाच ईसीयू राहतो, त्यातले काही आकडे बदलतात. पिगीबॅकमध्ये कंपनीच्या ईसीयूच्या जोडीला एक छोटा डबा बसतो आणि तो सिग्नल थोडे इकडेतिकडे करतो. या दोन्हींत थंडीत स्टार्ट होणं, एसीचा भार सांभाळणं ही कंपनीने केलेली कामं बहुतेक जशीच्या तशी राहतात.

स्टँडअलोन ईसीयूची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीचा ईसीयूच निघतो. गाडी बाजारात येण्याआधी कंपनीने कडाक्याच्या थंडीत, उन्हाळ्यात आणि घाटमाथ्यावर चाचण्या घेऊन जे आकडे बसवलेले असतात, ते सगळे त्याच्यासोबत जातात. नव्या ईसीयूमध्ये ती पानं जवळजवळ कोरी असतात, किंवा कुठल्यातरी भलत्याच इंजिनला चालेल असे अंदाजे आकडे असतात.

ट्यूनर आधी काय भरतो? तर मुख्य टेबल. आडवे आरपीएमचे रकाने, उभा इंजिनवरचा भार. १६ बाय १६ चं टेबल असेल तर २५६ चौकोन. गरम इंजिन, स्थिर वेग, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी एवढंच त्यात असतं. चांगला ट्यूनर डायनोवर हे काम एक-दोन दिवसांत आटोपतो. पॉवरचा आकडा इथूनच येतो.

पण आपण गाडी डायनोवर चालवत नाही. थंड इंजिन, अचानक दाबलेला ॲक्सिलरेटर, चालू-बंद होणारा एसी, तापलेलं बॉनेट, हे सगळं या २५६ चौकोनांच्या बाहेर असतं.

१. थंड इंजिन: जुन्या स्कूटरचा चोक आठवा

सकाळी स्कूटर एका बाजूला कलती करायची, चोक ओढायचा आणि किक मारायची. घराघरात हे दृश्य होतं. कारण साधं आहे. थंड इंजिनमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटतं आणि ठिणगीच्या वाट्याला कमी येतं. म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं.

चोकचं हे एक काम ईसीयूमध्ये तीन सेटिंग्जमध्ये वाटलेलं असतं. सेल्फ मारताना किती पेट्रोल द्यायचं, चालू झाल्यावर पहिले काही सेकंद किती जास्त द्यायचं, आणि इंजिन गरम होईपर्यंत ते जास्तीचं पेट्रोल कसं कमी करत न्यायचं. कूलंटचं तापमान साधारण ७०-८० अंशांवर गेलं की ही वाढ शून्यावर यायला हवी.

इथे चूक झाली तर नुकसान फक्त मायलेजचं होत नाही. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. रोज असं होत राहिलं तर पिस्टन रिंग लवकर झिजतात.

२. इंजेक्टरचा उघडण्याचा वेळ: सिग्नलवरचा खरा गुन्हेगार

ईसीयूने हुकूम दिला की इंजेक्टर लगेच उघडत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. याला डेड टाइम म्हणतात. बॅटरीचा व्होल्टेज कमी झाला की हा वेळ वाढतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका इंजेक्टरला १४ व्होल्टवर ०.९ मिलिसेकंद लागतात आणि १२ व्होल्टवर १.२. गाडी सिग्नलला उभी आहे आणि ईसीयू प्रत्येक वेळी २.५ मिलिसेकंदांचा हुकूम देतोय. म्हणजे पेट्रोल प्रत्यक्षात १.६ मिलिसेकंद पडतंय. आता एसी आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू झाले आणि व्होल्टेज १२ वर आला. पेट्रोल पडण्याचा वेळ उरला १.३ मिलिसेकंद. म्हणजे जवळजवळ १९ टक्के पेट्रोल कमी! काटा खाली येणार, गाडी थरथरणार, बंद पडणार.

हीच चूक फुल थ्रॉटलला, १५ मिलिसेकंदांच्या हुकुमावर, जेमतेम २ टक्क्यांची असते. म्हणून डायनोवर ती कुणाला दिसत नाही आणि सिग्नलवर मात्र सगळ्यांना दिसते. व्होल्टेजनुसार डेड टाइमचं टेबल नीट भरणं, एवढाच यावर उपाय.

३. अचानक दाबलेला ॲक्सिलरेटर

ओव्हरटेक करताना पाय जोरात दाबला की हवा झटकन आत येते, पण पेट्रोलचा काही भाग मॅनिफोल्डच्या भिंतीवर अडकतो. क्षणभर मिक्श्चर लीन होतं आणि गाडी झटका खाते. त्या क्षणापुरतं जास्त पेट्रोल देणं म्हणजे ॲक्सिलरेशन एनरिचमेंट. कमी दिलं तर झटका, जास्त दिलं तर काळा धूर आणि सुस्त पिकअप. समोरून ट्रक येत असताना हा अर्धा सेकंद फार मोठा असतो.

पाय काढल्यावर उलटं होतं. उतारावर, गिअरमध्ये असताना ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करू शकतो आणि त्यात इंधन वाचतं. पण पेट्रोल पुन्हा सुरू करायचा आरपीएम फार खाली ठेवला, तर क्लच दाबताच इंजिन बंद.

४. तापलेली हवा, खोटं बोलणारा सेन्सर

गरम हवा विरळ असते, म्हणून तिला पेट्रोल कमी लागतं. ईसीयू हवेच्या तापमानाच्या सेन्सरवरून हा हिशोब करतो. पण गाडी पंपावर दहा मिनिटं उभी राहिली की बॉनेटखालच्या उष्णतेने सेन्सर स्वतःच तापतो. आत येणारी हवा ३५ अंशांची, सेन्सर सांगतो ६०. ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून ७-८ टक्के पेट्रोल कमी करतो आणि गाडी चालू होताना कुरकुरते. यावर दोन उपाय आहेत. सेन्सर थंड जागी हलवायचा, किंवा आयडलिंगला असताना त्याच्या म्हणण्याला कमी वजन द्यायचं.

याच सेन्सरचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. हवा खूप तापली की ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते, नाहीतर नॉकिंग होतं. विदर्भातल्या मे महिन्यात टर्बो गाडीला हे सेटिंग नसेल, तर पिस्टनवर बेततं.

मग हे सगळं लावायला वेळ का लागतो?

कारण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. सकाळी गाडी चालू केली, आकडा चुकीचा निघाला, तो बदलला. नवा आकडा बरोबर आहे का, हे कळणार दुसऱ्या दिवशी सकाळी. शिवाय पुण्यातल्या डिसेंबरची सकाळ १० अंशांची आणि मे महिन्यातली त्यापेक्षा कितीतरी गरम. टेबलचे वेगवेगळे चौकोन भरायला वेगवेगळे ऋतूच यावे लागतात.

दुसरं कारण म्हणजे क्रम. ही सेटिंग्ज एकमेकांत गुंतलेली असतात. मुख्य टेबल चुकलेलं असताना कोल्ड स्टार्ट सुधारायला गेलात, तर एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते. साधारण क्रम असा असतो:

- सगळे सेन्सर खरं सांगताहेत ना, आणि ईसीयू दाखवतो त्याच वेळी ठिणगी पडते ना, हे टायमिंग लाइटने तपासणं.
- इंजेक्टरची माहिती आणि डेड टाइम भरणं.
- इंजिन पूर्ण गरम करून, बाकीच्या सुधारणा बंद ठेवून मुख्य टेबल लावणं.
- मग आयडलिंग, एसी आणि पंख्याचा भार.
- मग ॲक्सिलरेटरची प्रतिक्रिया.
- मग थंड इंजिन, रोज सकाळी थोडं थोडं.
- शेवटी ऑक्सिजन सेन्सरवरून आपोआप होणारी दुरुस्ती सुरू करणं.

ही शेवटची दुरुस्ती आधीच चालू ठेवली, तर ती बाकीच्या चुका लपवते. आणि एका वेळी एकच सेटिंग बदलायचं. दोन बदलली आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कुणालाच सांगता येत नाही.

इथेनॉलने गणित बदललं

२०२५ पासून देशभरात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकलं जातंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवेचा हिशोब बदलतो. १० टक्के मिश्रणाला साधारण १४.१ पट हवा लागते, २० टक्क्यांना १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ४ टक्के जास्त इंधन. जुन्या मिश्रणावर ट्यून केलेली गाडी आता त्या प्रमाणात लीन चालते. त्यात थंडीत इथेनॉलची वाफ पेट्रोलपेक्षा कमी होते, म्हणून कोल्ड स्टार्टचे आकडेही पुन्हा तपासावे लागतात.

कायदा काय म्हणतो?

ट्रॅकवरच्या गाडीची गोष्ट वेगळी, पण रस्त्यावरच्या गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मालक अडचणीत येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यावर गदा येते ती वेगळी.

पैसे देण्याआधी हे चार प्रश्न विचारा

ट्रॅकसाठी किंवा प्रोजेक्ट कारसाठी हे काम करून घेणार असाल, तर 'किती हॉर्सपॉवर निघेल' याच्या आधी हे विचारा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तुम्ही स्वतः चालू करून बघणार का? माझ्या इंजेक्टरचा डेड टाइम कुठून घेतला? एसी, पंखा आणि हेडलाइट एकदम लावून आयडलिंग तपासलंय का? आणि थंडी सुरू झाली की पुन्हा आकडे बघायला गाडी आणली, तर त्याचे पैसे बिलात धरलेत का?

ज्याच्याकडे या चारही प्रश्नांची सरळ उत्तरं आहेत, त्याचा डायनोचा आकडा शेजारच्या गॅरेजपेक्षा पाच हॉर्सपॉवरने कमी असला तरी गाडी त्याच्याकडेच द्या. सिग्नलला मागून हॉर्न वाजायला लागतात, तेव्हा ते पाच हॉर्सपॉवर काही कामाला येत नाहीत.