बंदूक अंगाला बसवताना (लेखांक सहावा)

अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराकडून छऱ्यांची बंदूक घेताना भरावा लागणारा ४४७३ क्रमांकाचा अर्ज, आणि ग्राहकाच्या पूर्ववृत्ताची १९९८ पासून चालू असलेली तत्काळ चौकशी, यांचा परामर्श आपण गेल्या आठवड्यात घेतला. हे सारे सोपस्कार ज्या वस्तूपायी होतात ती वस्तू म्हणजे संपूर्ण बंदूक नव्हे, ही गोष्ट मात्र नवख्या ग्राहकाच्या सहसा ध्यानी येत नाही. तेथील संघीय कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तिचा रिसीव्हर, अर्थात काडतूस चढविण्याची व उडविण्याची यंत्रणा ज्यात बसते तो मधला सांगाडा; क्रमांक कोरलेला असतो तो त्यावर, आणि दुकानदाराच्या वहीत नोंद होते तीही त्याचीच. नळी, दस्ता, पुढची मूठ ही केवळ सुट्या भागांत जमा असल्याने, संघीय कायद्यापुरते बोलावयाचे तर, ती विनाअर्ज विकली जातात. आणि याच मोकळिकीमुळे मूळ कारखान्याबाहेर घडणाऱ्या सुट्या भागांचा एक विस्तीर्ण व्यापार तेथे उभा राहिला आहे.

या व्यापाराला रेमिंग्टन ८७० या पंप बंदुकीइतका आधार क्वचितच दुसऱ्या कोणा बंदुकीने दिला असेल. १९५० साली ती बाजारात आली आणि तिचे एक कोटीहून अधिक नग आजवर तयार झाले. पुढची टोपी हाताने फिरवून काढली की तिची नळी निघते, म्हणून बदकांच्या शिकारीसाठी २८ इंची व घरच्या संरक्षणासाठी १८ इंची अशा दोन नळ्या एकाच सांगाड्यावर आलटूनपालटून चढविणारे पुष्कळ आहेत. १८ इंचांहून आखूड नळी किंवा २६ इंचांहून कमी एकूण लांबी मात्र १९३४ च्या कायद्याच्या कक्षेत येते, आणि पूर्वनोंदणीविना तसा बदल करणे हा गंभीर गुन्हा ठरतो. आपल्याकडेही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमान्वये, त्यासाठीचा स्वतंत्र परवाना असल्याखेरीज कोणासही नळी आखूड करण्याची मुभा नाही.

नवा मालक बहुधा पहिला खर्च दिव्यावर किंवा जादा काडतुसांच्या पट्ट्यावर करतो. माझ्या मते तो दस्त्यावर करावा. रायफलीला मागची व पुढची अशी दोन निशाणे असतात. छऱ्यांच्या साध्या बंदुकीला पुढे एक माशी असते आणि मागे काहीच नसते. मागचे निशाण म्हणजे नेम धरणाऱ्याचा स्वतःचा डोळा, आणि तो डोळा कोठे स्थिरावेल हे गाल ज्यावर टेकतो त्या दस्त्याच्या उंचीवर ठरते. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर अदमासे एक यार्ड धरले, तर डोळा अष्टमांश इंच वर राहिल्यास ४० यार्डांवर छऱ्यांचा झोत पाच इंच वर जातो. कोणताही दिवा ही चूक भरून काढणार नाही.

लांबीचेही तसेच. ८७० चा दस्ता चापापासून खांद्यापर्यंत साधारण १४ इंचांचा येतो. माझ्या भाचीने तबकड्यांवर नेमबाजी सुरू केली तेव्हा तो तिला इतका लांब पडे, की बंदूक उचलताना रबरी गादी काखेजवळ कापडात अडके आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसे. पहिल्या रविवारी संध्याकाळी तिने बाही वर केली तेव्हा तेथे तळहाताएवढा निळा डाग होता. पुढे मॅगपुल कंपनीचा दस्ता आणविला, ज्यात अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चकत्या घालून लांबी १२.५ पासून १४.५ इंचांपर्यंत ठेवता येते. परीक्षेची रीत सोपी आहे. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोट घालून, अशी दोनदा करावी. मग डोळे मिटून ती सहज खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. मान न हलविता माशी नळीच्या पाठीवर मधोमध दिसली तर दस्ता अंगाला बसला. भाचीला ती दिसली दोन चकत्या काढल्यावर, १३ इंचांवर.

हलक्या दस्त्याचा मोह मात्र आवरावा. काडतूस तेच राहिले आणि बंदुकीचे वजन घटले, तर मागे बसणारा धक्का वाढतो. सात पौंडांची बंदूक वाहून नेताना जड वाटते खरी, परंतु शंभराव्या काडतुसाला तेच वजन खांद्याची राखण करते. जाड रबरी गादीचा उपयोग होतो, पण तिच्यामुळे लांबी वाढते. तेव्हा गादी बदलली की माप पुन्हा घ्यावे.

नळीच्या तोंडाशी पेचावर बसणारा चोक हा स्वतंत्र विषय आहे. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोक सुमारे ७० टक्के छर्रे ठेवतो, तर चोकाविना ४० टक्क्यांच्या आसपास राहतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिसे १९९१ मध्ये अमेरिकाभर हद्दपार झाल्यापासून त्याच्या जागी वापरले जाणारे पोलादी छर्रे जुन्या फुल चोकच्या नळीतून उडविल्यास नळीची हानी होते ती कशी, आणि एका कंपनीचे पेच दुसरीच्या नळीत का घालू नयेत, हे पुढील लेखांकी पाहू.