गाडी बंद, पंप चालू!

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही वाईहून महाबळेश्वरला गेला असाल, तर पसरणीच्या घाटात हे दृश्य पाहिलंच असेल. कडेला एक गाडी उभी, बॉनेट उघडं, आतून वाफा निघताहेत आणि ड्रायव्हरकाका कपाळाला हात लावून बसलेत! "गाडी तापली," बाबा म्हणतात. पण ती घाटातच का तापते?

इंजिनात इंधन जळतं, तेव्हा बरीच उष्णता तयार होते. इंजिनाभोवती फिरणारं पाणी ही उष्णता बाहेर नेतं. त्यात गंज टाळणारं द्रव्य मिसळलेलं असतं. त्या मिश्रणाला कूलंट म्हणतात. तापलेलं कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्यानं निवतं आणि परत येतं. त्याला फिरवणारा असतो पंप.

अनेक गाड्यांत हा पंप पट्ट्यानं इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिन जोरात तर पंप जोरात, इंजिन हळू तर पंप हळू! घाट चढून इंजिन तापतं आणि नेमकी पुढे गाड्यांची रांग लागते. मग इंजिन नुसतं घुरघुरतं, पंप मंदावतो, समोरचा वाराही मिळत नाही. इंजिन बंद केलं, तर पंप पार थांबतो. पण तापलेल्या धातूतली उष्णता थांबलेल्या कूलंटमध्ये उतरतच राहते. म्हणून जाणते ड्रायव्हर चढ संपल्यावर दोनेक मिनिटं इंजिन चालू ठेवून मगच बंद करतात.

यावर उपाय म्हणजे विजेचा पंप. २००९ साली आलेल्या टोयोटा प्रियसच्या इंजिनात पंपाला पट्टाच नव्हता. पंपाला स्वतःची मोटर असली, की त्याचा वेग इंजिनावर अवलंबून राहत नाही.

आता त्याची जोडणी पाहू. समजा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप ८ अँपिअर वीज घेतो. एवढा प्रवाह किल्लीच्या बारीक तारेतून नेला, तर तार तापेल. म्हणून मध्ये रिले बसवतात. छोट्या प्रवाहानं रिलेतलं विद्युतचुंबक जागं होतं, पट्टी ओढतं आणि 'टक्' करून मोठा प्रवाह सुरू होतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. तार घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर आग लागण्याआधी फ्यूज वितळतो.

कूलंट किती तापलंय हे एक सेन्सर सांगतो. ते पाहून कंट्रोलर पंपाचा वेग ठरवतो. तो वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू वेळ जास्त, तर वेग जास्त. रिलेला एवढी चपळाई जमत नाही. ते काम ट्रान्झिस्टर करतो. हिवाळ्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, अशा पहाटे इंजिन लवकर गरम व्हायला हवं. तेव्हा कंट्रोलर पंपाला हळूच चालवतो. आणि सेन्सरची तारच तुटली तर? चांगला कंट्रोलर पंप पूर्ण वेगानं सोडतो. गाडी थंड राहिली तर निदान इंजिन तरी वाचेल!

किल्ली काढल्यावरही पंप चालायचा, तर त्याला वीज थेट बॅटरीतून मिळायला हवी. पण किती वेळ? गणित करा. ८ अँपिअरनं ५ मिनिटांत एक अँपिअर-तासही खर्च होत नाही. मात्र पंप रात्रभर चालला, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी ५ तासांतच रिकामी! सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही. म्हणून कंट्रोलरला वेळेची मर्यादा घालून देतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असल्यामुळे १०० अंशांच्या वर गेलेलं कूलंटही उकळत नाही. झाकण उघडलं, की दाब जातो आणि उकळतं कूलंट कारंज्यासारखं अंगावर उडतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं!

पुढच्या सुट्टीत गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून बारीक 'घूंऽऽ' असा आवाज आला, तर घाबरू नका. बॉनेटखाली हात मात्र घालू नका. पंखाही अचानक फिरू शकतो. आईबाबांना सांगा, "थांबा, पंपाचं काम अजून चाललंय!"