पोटफुगीचे मूळ शोधताना : श्वासचाचणी आणि पूरक उपचार

पोट फुगणे, ढेकर येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, या तक्रारींना आपल्याकडे आजाराचा दर्जा क्वचितच मिळतो. ‘गॅसेस झालेत’ एवढ्या एका वाक्यात निदान आटोपते आणि ओवा, सोडा किंवा दुकानातून परस्पर आणलेली ॲसिडिटीची गोळी यांवर वर्षे निघून जातात. या तक्रारींमागे असू शकणाऱ्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे लहान आतड्यात जिवाणूंची प्रमाणाबाहेर झालेली वाढ. डॉक्टर तिला ‘सिबो’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज मधुमेहाच्या आणि शस्त्रक्रियांच्या वयात आले आहेत. त्यांनी व पालकांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

मोठ्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात आणि तेथे ते बहुतांशी उपकारकच असतात. लहान आतड्यात मात्र त्यांची वस्ती विरळ असते. जठरातील आम्ल अन्नाबरोबर आलेले बरेचसे जिवाणू मारते. शिवाय उपाशीपोटी साधारण दर दीड ते दोन तासांनी आतड्यात आकुंचनाची एक लहर उठते व उरलेसुरले सारे पुढे झाडून नेते. जुना मधुमेह, शस्त्रक्रियेनंतर चिकटलेली आतडी, क्षयरोगाने अरुंद झालेले आतडे किंवा अफूजन्य वेदनाशामके यांमुळे ही व्यवस्था बिघडते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही धोका वाढू शकतो. मग जिवाणू अन्न वाटेतच आंबवतात व वायू तयार होतो. आजार तीव्र असल्यास वजन घटते, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते आणि रक्तक्षय होतो.

इतिहासाच्या अभ्यासात प्रत्येक साधनाला एक प्रश्न विचारावा लागतो : हे काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही? वैद्यकीय चाचणीलाही तोच प्रश्न विचारावा. प्रत्यक्ष पुरावा म्हणजे दुर्बिणीतून लहान आतड्यातील द्रव काढून त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणे. एका मिलिलिटरमध्ये १,००० किंवा अधिक जिवाणू आढळल्यास वाढ मानली जाते. ही तपासणी खर्चिक व त्रासदायक असल्याने श्वासचाचणी अधिक वापरली जाते.

तिचे तत्त्व सोपे आहे. माणसाच्या पेशी हायड्रोजन किंवा मिथेन तयार करत नाहीत. ते आतड्यातील सूक्ष्मजीव करतात. हे वायू रक्तावाटे फुप्फुसात व तेथून श्वासात येतात. रुग्णाला ७५ ग्रॅम ग्लुकोज किंवा १० ग्रॅम लॅक्ट्युलोज पाण्यातून देतात आणि ठरावीक अंतराने श्वासाचे नमुने घेतात. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्ष भागांत २० किंवा अधिक भागांनी वाढला, तर चाचणी सकारात्मक समजतात. मिथेन १० भाग किंवा अधिक असल्यास त्याचीही नोंद होते. त्याचा संबंध बद्धकोष्ठतेशी आढळतो.

पूर्वतयारी नीट नसेल तर निष्कर्ष फसवा ठरतो. चाचणीपूर्वी चार आठवडे प्रतिजैविके घेतलेली नसावीत, आदल्या दिवशी डाळी, कडधान्ये व तंतुमय पदार्थ टाळावेत, रात्रभर उपाशी राहावे आणि त्या सकाळी धूम्रपान करू नये. मधुमेहींनी उपवासाबाबत व गोळ्यांबाबत डॉक्टरांना आधीच विचारावे. एवढे करूनही चाचणी अचूक नाही. ग्लुकोज आतड्याच्या आरंभीच शोषले जात असल्याने पुढच्या भागातील वाढ निसटू शकते. लॅक्ट्युलोज लवकर मोठ्या आतड्यात पोचल्यास नसलेला आजार दिसतो.

मुख्य उपचार म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेले प्रतिजैविक, बहुधा रिफॅक्सिमिन, आणि मूळ कारणाचा शोध. मूळ कारण राहिले तर आजार परततो : एका इटालियन अभ्यासात उपचारानंतर नऊ महिन्यांत सुमारे ४४ टक्के रुग्णांत तो पुन्हा आढळला.

पूरक उपचारांचे स्थान येथे आहे. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे आंबणारे पदार्थ काही आठवडे कमी केल्यास फुगणे घटते. परंतु त्यामुळे आजार बरा होत नाही, आणि हे पथ्य कायमचे चालवल्यास कुपोषण ओढवते. सतत चहा-बिस्किटे न खाता दोन जेवणांत अंतर ठेवल्यास आतड्याच्या लहरीला वाव मिळतो. पोटाने संथ श्वास घेण्याचा सराव काहींना आराम देतो. वनौषधींबाबत अमेरिकेतील २०१४च्या एका अभ्यासात उत्साहवर्धक आकडे आले : वनौषधी घेणाऱ्या ३७ पैकी १७ जणांची व रिफॅक्सिमिन घेणाऱ्या ६७ पैकी २३ जणांची चाचणी नंतर नकारात्मक झाली. मात्र रुग्णांची विभागणी चिठ्ठी पद्धतीने झालेली नव्हती व संख्याही लहान होती. तेवढ्यावरून वनौषधी श्रेष्ठ ठरत नाहीत. शिवाय काही भस्मयुक्त औषधांत शिसे व पारा आढळलेला आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून कोणतीही पुडी घेऊ नये.

वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, वारंवार उलट्या किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. इतरांनी दोन आठवडे आहार व त्रास यांची नोंद वहीत ठेवावी. चालू असलेली सर्व औषधे, त्यांत चूर्णे व काढेही आले, आणि झालेल्या शस्त्रक्रिया त्याच वहीत लिहाव्यात व ती घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. कोणती चाचणी आवश्यक आहे, हे ठरवायला डॉक्टरांना तिची मोठी मदत होईल.