तुमचे शेत आणि मोबाइलमधला नकाशा



पीक रानात उभे राहिले की सातबाऱ्यावर त्याची नोंद व्हावी लागते. पूर्वी ही नोंद तलाठी भाऊसाहेब करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो आपला आपणच काढून पाठवू लागलो. या फोटोबरोबर आणखी एक गोष्ट न सांगताच जाते. ती म्हणजे तुम्ही उभे होता ती जागा. पीक कापसाचे की सोयाबीनचे हे फोटो सांगतो. ते कोणाच्या गटातले हे ती जागा सांगते. जागा चुकली तर नोंद अडते. मग रानात पीक डोलत असले तरी कागदावर काहीच दिसत नाही, आणि नुकसानीचे पंचनामे निघाले की आपली धावपळ होते.

म्हणून मोबाइलला आपली जागा कशी कळते, आणि त्या जागेवरून गट नंबर, हवामान किंवा जवळचा दवाखाना तो कसा शोधून देतो, हे या पत्रिकेत समजावून घेऊ. एकदा समजले की चूक कुठे होते हेही आपोआप उमगेल.

फोन आभाळाकडे कान लावतो

पुष्कळांना वाटते की फोन उपग्रहाला विचारतो, "मी कुठे आहे?" तसे नाही बरं का. आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि तुमचा रेडिओ नुसता ऐकतो, तसेच हे काम आहे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथे आहे, आणि आता इतके वाजले आहेत." हा निरोप सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने येतो. तो पोहोचायला किती वेळ लागला, यावरून तो उपग्रह किती लांब आहे हे फोन ठरवतो.

मोजणीदार तीन खुणांपासून अंतरे घेऊन एक जागा पक्की करतो, तसेच फोन तीन उपग्रहांवरून करतो. चौथा उपग्रह लागतो तो वेळेसाठी. कारण फोनचे घड्याळ तितके काटेकोर नसते, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटर सरकू शकते.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, रानात रेंज नसली तरी फोनला जागा सापडू शकते. वेळ मात्र जास्त लागतो. दुसरी, आभाळ मोकळे पाहिजे. मोकळ्या रानात चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. दाट आंब्याखाली, पत्र्याच्या शेडजवळ किंवा भिंतीला लागून उभे राहिलात तर चूक वाढते. घरात उपग्रहांचा आवाज नीट पोहोचत नाही. तिथे फोन मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज करतो, आणि खेड्यात टॉवर लांब लांब असल्याने हा अंदाज किलोमीटरभरही चुकू शकतो.

आता ५ मीटर म्हणजे किती? आपला एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे एक बाजू सुमारे १० मीटर. तेव्हा ५ मीटर म्हणजे गुंठ्याची अर्धी बाजू झाली. चार एकरांच्या सलग रानात ही चूक किरकोळ आहे. भावाभावांच्या वाटणीत चिंचोळी पट्टी वाट्याला आली असेल, तर मात्र तेवढ्यात माणूस शेजारच्या गटात जातो.

नकाशावर नकाशा

फोनला कळतात ते फक्त दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. त्यात ना गट नंबर असतो, ना गावाचे नाव. हा अर्थ नकाशातून येतो.

असे समजा, की एका पातळ कागदावर गावचे गट काढले आहेत. दुसऱ्यावर विहिरी आणि नाले, तिसऱ्यावर मातीचे प्रकार, चौथ्यावर रस्ते. चारही कागद बरोबर एकमेकांवर ठेवले आणि टाचणी टोचली, तर त्या एका टोकाखाली गट, माती, पाणी, रस्ता सगळे कळते. हेच काम संगणकावर करण्याच्या पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतात. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने अशी पहिली प्रणाली उभी राहिली, आणि ती देशातली कोणती जमीन कशाला योग्य आहे हे पाहण्यासाठीच होती. म्हणजे या विद्येचा जन्मच जमिनीच्या प्रश्नातून झाला आहे. आपल्याकडे इस्रोने २००९ मध्ये 'भुवन' हे नकाशांचे दालन सर्वांसाठी खुले केले.

काही कागद स्थिर असतात, काही सतत बदलतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप घ्या. त्यात विजा कुठे पडत आहेत याचा नकाशा सारखा बदलत असतो. तुमच्यापासून २० किंवा ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडू लागली की ते इशारा देते. इथे फोनचे ठिकाण बंद ठेवले तर इशारा कोणासाठी द्यायचा हेच ॲपला कळणार नाही. इशारा आला की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जा. चुकलेला गट नंबर पुढे दुरुस्त होईल, गेलेला माणूस परत येणार नाही.

गट नंबर कसा ओळखतात?

तुम्ही गटाच्या आत आहात की बाहेर, हे संगणक कसे ठरवतो? युक्ती अगदी साधी आहे. उभे आहात तिथून कोणत्याही एका दिशेला नाकासमोर चालत सुटा. त्या गटाची हद्द किती वेळा ओलांडली ते मोजा. एकदा, तीनदा, पाचदा अशी विषम संख्या आली तर तुम्ही आत होता. एकदाही ओलांडली नाही, किंवा दोनदा, चारदा ओलांडली, तर बाहेर होता. गट कितीही वाकडातिकडा असू द्या, हिशेब हाच. कागदावर रेघ मारून मुलांना करायला सांगा, त्यांना मौज वाटेल.

हिशेब अचूक आहे, पण हद्दीची रेघ अचूक असेलच असे नाही. आपले बरेच जुने गावनकाशे साखळीने मोजून कागदावर हाताने काढलेले आहेत. कागद आकसतो, घडीवर विरतो. असा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवताना बांध काही मीटर इकडेतिकडे सरकू शकतो. फोनची चूक आणि नकाशाची चूक एकाच दिशेने पडली, तर बांधाजवळ काढलेला फोटो शेजाऱ्याच्या नावावर दिसतो. म्हणून बांधावर उभे न राहता शेताच्या मध्यभागी जा.

आणि एक कळकळीचे सांगणे. मोबाइलवरची रेघ दाखवून शेजाऱ्याशी भांडू नका, बांध कोरू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेख खात्याची रीतसर मोजणीच मागवावी.

आकडे लिहिताना

ठिकाण कागदावर लिहून द्यायचे असेल तर अक्षांश आधी, रेखांश नंतर. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५ ते २२ आणि रेखांश ७२ ते ८१ या दरम्यान असतो. उलट लिहिले तर तुमचे शेत नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडेल. दशांश चिन्हापुढे तीन आकडे लिहिले तर सुमारे ११० मीटरपर्यंतची जागा कळते, चार लिहिले तर ११ मीटरपर्यंतची आणि पाच लिहिले तर सुमारे १ मीटरपर्यंतची. शेतासाठी पाच आकडे लिहावेत.

गावासाठी अशी सेवा करायची असेल तर

गावात संगणक शिकलेली मुले असतील, शेतकरी गट असेल, तर गावापुरती सेवा उभी करता येईल. सुरुवात यंत्रापासून करू नका, प्रश्नापासून करा. "रात्री गाय अडली, तर सर्वांत जवळचा जनावरांचा दवाखाना कोणता?" असा एकच प्रश्न घ्या. मग दवाखाने, विहिरी, डीपी, गोदाम अशा प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन नोंद घ्या. घरी बसून नकाशावर बोट ठेवू नका.

अंतर मात्र सरळ रेषेत मोजू नका. दवाखाना सरळ रेषेत ३ किलोमीटरवर असेल, पण मध्ये ओढा असेल आणि पूल ९ किलोमीटरच्या वळणावर असेल, तर पावसाळ्यात ते ३ किलोमीटर काय कामाचे? कोणती वाट कोणत्या महिन्यात बंद पडते हे गावच्या जुन्या माणसांना विचारा. ही माहिती उपग्रहाला दिसत नाही. नोंद केली ती तारीखही लिहा, आणि दर हंगामाला यादी तपासा.

एवढे जरूर पाळा

१. फोटो काढण्यापूर्वी फोनमधले 'लोकेशन' चालू करा आणि 'अचूक' ठिकाणाची परवानगी द्या.

२. शेताच्या मध्यभागी, मोकळ्या आभाळाखाली एक-दोन मिनिटे थांबा. नकाशावरचा ठिपका स्थिर झाला की मगच पुढे जा.

३. गट नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहा. चुकीचा दिसला तर दहा-वीस पावले सरकून पुन्हा प्रयत्न करा.

४. दुसऱ्याच्या शेतातून किंवा घराच्या ओट्यावरून नोंद करू नका.

५. अनोळखी ॲपला ठिकाणाची परवानगी देऊ नका. ओळखीच्या ॲपलाही शक्यतो 'वापरताना' एवढीच द्या. दामिनीसारख्या इशाऱ्याच्या ॲपला मात्र ती कायम लागते.

६. नोंद झाल्याचा पडदा फोटो काढून जपून ठेवा.

मंडळी, फोन ठिपका दाखवतो आणि नकाशा त्याला नाव देतो. दोन्ही बरोबर आहेत की नाही हे त्या जमिनीवर उभा असलेला माणूसच पाहू शकतो. आपले रान आपल्याइतके कोणाला माहीत आहे? तेव्हा या हंगामात नोंद करताना दोन मिनिटे जास्त द्या, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना किंवा एकट्या राहणाऱ्या मावशींना फोन वापरता येत नसेल, तर त्यांच्या रानात जाऊन त्यांचीही नोंद करून द्या.