सीताफळ, मधमाशी आणि दुर्लक्षित भुंगेरा

गेल्या वर्षी ग्रीक नाटकाच्या तासाला ऑलिव्हच्या फांदीचा उल्लेख आला, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, ऑलिव्हलासुद्धा फळ धरते ते मधमाशीमुळेच ना?" सरांनी हसून प्रश्न शास्त्र शाखेकडे टोलवला. आम्ही खरोखरच तिकडे जाऊन विचारून आलो. उत्तर असे मिळाले की ऑलिव्हचे पराग वारा नेतो. फुले बारीक, पांढरट, झुपक्यांनी येणारी. पराग हलका आणि अमाप. बऱ्याच जातींना आपलाच पराग नीट चालत नाही, म्हणून बागाईतदार मधूनमधून दुसऱ्या जातीची झाडे लावतात. मधमाश्या त्या फुलांवर येतात, पराग गोळा करतात, परंतु फळ धरण्यासाठी झाड त्यांच्यावर विसंबून नसते.

हे ऐकताना मला ऑलिव्ह नव्हे, धारूर तालुक्यातील माझ्या मामांची सीताफळाची बाग आठवत होती. मामांनी बालाघाटच्या उतारावर सीताफळ लावले. चौथ्या वर्षी झाडे फुलांनी लगडली, पण फुले टपटप गळून गेली. कोणीतरी सांगितले, मधमाश्या कमी पडल्या. मामांनी उसनवारी करून भाड्याने पाच पेट्या आणल्या. त्याही वर्षी फुले गळाली, आणि धरलेली थोडी फळेही वेडीवाकडी निघाली. मामा पेटीवाल्यावर रागावले. पेटीवाल्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता, हे आता कळते.

सीताफळाचे फूल एकदा हातात घेऊन पाहावे. ते पानाआड खाली मान घालून लटकलेले असते. हिरवट-पिवळ्या, मांसल, जाड अशा तीन पाकळ्या. रंगाचा भपका नाही, मध तर नाहीच. पाकळ्या थोड्या विलग झाल्या की आतील स्त्रीकेसर पराग घेण्यास तयार होतात. पण त्या वेळी त्याच फुलातील पुंकेसर बंद असतात. पुढे पाकळ्या पूर्ण उघडतात, पहाटेच्या सुमारास पराग मोकळा होतो, आणि तोवर कुक्षी सुकून गेलेली असते. म्हणजे एकाच घरात वधू आणि वर, परंतु दोघांची मुहूर्ताची वेळ वेगळी! कालच्या फुलाचा पराग आजच्या फुलाकडे कोणीतरी नेला पाहिजे. पराग चिकट असल्याने वाऱ्याचे तेथे फारसे चालत नाही. मधमाशी परागासाठी आलीच, तर पूर्ण उघडलेल्या फुलावर येईल. अर्धवट मिटलेल्या, मध नसलेल्या फुलात ती कशाला शिरेल?

तेथे शिरतो तो एक इवलासा, तांबूस-काळा भुंगेरा. कुजक्या, आंबलेल्या फळांवर वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. सीताफळाच्या फुलाला पिकल्या फळासारखा वास येतो, त्या वासाने तो पाकळ्यांच्या फटीतून आत जातो, तेथेच मुक्काम करतो आणि परागाने माखून बाहेर पडतो. पृथ्वीवर मधमाश्या येण्यापूर्वीपासून भुंगेरे आहेत. सीताफळाचे कूळही सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या शाखांपैकी एक. तेव्हा हा व्यवहार पुरातन म्हणावयास हरकत नाही.

फळाच्या वेडेवाकडेपणाचे कारणही यातच आहे. सीताफळ हे एक फळ नसून एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसरांचा जोड आहे. ज्या बाजूला पराग पोचला नाही, त्या बाजूचे डोळे भरत नाहीत आणि फळ एका अंगाने खुरटते. बाजारात असे फळ दिसले की लोक रोग म्हणतात. रोग नव्हे तो.

त्यात आपल्याकडील उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांतील कोरड्या झळांत कुक्षी लवकर वाळते, म्हणून त्या काळातील पुष्कळ फुले वाया जातात. मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की फळधारणा सुधारते, आणि दसरा-दिवाळीला टोपल्या भरतात. डोंगरातील रानझाडांना कोणी पाणी घालीत नाही, पाने कडवट म्हणून शेरडेही तोंड लावीत नाहीत, तरी ती फळतात. माझा तर्क असा की ओढ्याकाठची सावली, पाचोळा आणि झाडाखाली सडणारी फळे यांत भुंगेऱ्यांना घर मिळते. मामांची बाग मात्र आरशासारखी झाडलेली असे.

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. बागा वाढत आहेत. जो कर्ज काढून बाग लावतो, त्याने कशावर पैसा घालावा हे त्याला कळलेच पाहिजे. मधमाशीला कमी लेखण्याचा हेतू नाही. सूर्यफूल आणि कांद्याचे बियाणे तिच्यावाचून अडते. पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांवर संशोधन करणारी मध्यवर्ती संस्था उगाच नाही. आपल्या भागातील सातेरी, फुलोरी आणि आग्या मोहोळे ऐन फुलोऱ्यात औषध फवारून मारणे हा तर शुद्ध अविचार. फक्त सीताफळाचे काम तिचे नव्हे, एवढेच.

यंदा मामांनी दोन झाडांवर हाताने परागीभवन करून पाहिले. संध्याकाळी उघडू लागलेली फुले तोडून कागदावर पसरली, सकाळी सुटलेला पराग बारीक ब्रशने नुकत्या सैल झालेल्या फुलांत फिरवला. मामी आणि मी पाकळ्या धरीत होतो. मान अवघडून गेली. दोन्ही झाडांची फळे गोल, भरलेली निघाली. पण एवढ्या मोठ्या बागेला असे हात कोठून आणावयाचे? म्हणून उरलेल्या झाडांखाली मामांनी सडक्या फळांची डालगी ठेवली आहेत. वास असा सुटला आहे की मामी तिकडे फिरकत नाहीत. मी मात्र रोज फुले उचकटून पाहतो. परवा एकात तीन भुंगेरे होते.